तिसरा सेन्सर

तातेराव सोनकांबळ्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वरून, हेलिकॉप्टरच्या खिडकीतून, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. काठावर उभं राहून पायाला लाट लागावी, ओंजळीतलं पाणी खरंच खारट आहे का ते चाखून बघावं, असलं काही झालंच नाही. जुहूहून उडाल्यावर पाच मिनिटांत खाली करडं पाणीच पाणी झालं आणि तातेरावांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. शेजारच्या माणसानं पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून हिंदीत विचारलं, कुठल्या कंपनीचे? तातेराव म्हणाले, हैदराबादचे, प्रेशर सेन्सरवाले. तो माणूस हसला आणि पलीकडच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "पानी पीके आए ना, साब? आपके डब्बे ने तो सबको प्यासा मारा."

तो कशाबद्दल बोलतोय ते त्यांना ठाऊक होतं. त्यासाठीच तर ते निघाले होते.

हैदराबादेत बालानगरला किशोर लिमयांचा छोटा कारखाना होता. माणसं चौदा. काम दाब मोजणारे सेन्सर करण्याचं. मुठीत मावेल असं स्टीलचं नळकांडं, त्यात कागदासारखा पातळ पोलादी पडदा. पडद्यावर पाण्याचा दाब आला की तो केसभर वाकतो, त्या वाकण्याची वीज होते, आणि लांबच्या खोलीत आकडा उमटतो. टाकीच्या तळाशी असा सेन्सर बसवला की वर न चढता टाकीत पाणी किती ते कळतं. प्रत्येक सेन्सर कारखान्याबाहेर पडण्याआधी तातेरावांच्या हाताखालून जाई. एका यंत्रावर ते ठरलेली वजनं चढवत, सेन्सर काय आकडा दाखवतो ते बघत, आणि चुकला तर खुणेची लाल चिकटपट्टी लावून परत पाठवत. सातवी शिकलेला माणूस; त्र्याहत्तर साली नांदेडकडून हैदराबादेत आला तेव्हा गौलीगुड्याच्या मोटार स्टँडवर पोती चढवत असे. किशोररावांनी कारखाना काढला तेव्हा त्यांना जड वजनं उचलायला कुणी तरी हवं होतं. वजनं उचलता उचलता तातेराव मोजायला शिकले. आता किशोररावांच्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या बोटांवर कारखान्याचा जास्त भरवसा होता.

धंदा पंधरा वर्षं बरा चालला. परदेशी माल आणायचा तर दिल्लीचं लायसन लागे आणि वर जबर जकात. मग एक्क्याण्णव साली दारं उघडली. दोन-तीन वर्षांत जर्मन आणि जपानी सेन्सर इतके सहज मिळू लागले की जुनी गिऱ्हाइकं फोन उचलेनाशी झाली. किशोरराव पुण्याचे, बोलायला मऊ, पण हट्टी. ते म्हणाले, "जिथं आजवर फक्त परदेशी माल लागला, तिथंच आपण जायचं. समुद्रात." सहा महिने खेटे घालून त्यांनी तेलाच्या एका फलाटावर चाचणीसाठी बारा सेन्सर बसवून घेतले. मुंबईपासून दूर, भर समुद्रात लोखंडी पायांवर उभा असलेला फलाट. त्यावर नव्वद माणसं राहतात, विहिरीतून तेल काढतात. सहा महिने बारा सेन्सर नीट चालले तर पुढं मोठी ऑर्डर, असं ठरलं.

चार महिने नीट गेले. पंच्याण्णवच्या ऑगस्टच्या शेवटी फॅक्स आला. बारापैकी तीन सेन्सर चुकीचे आकडे दाखवतात. त्यातला एक पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा. त्यानं टाकीत मीटरभर पाणी आहे असं सांगितलं, आणि टाकी कोरडी पडली. समुद्र खवळलेला, पाण्याची बोट येईना. नव्वद माणसं दोन दिवस आंघोळीविना आणि मोजून दिलेल्या पाण्यावर राहिली. माणूस पाठवा, नाहीतर माल परत घेऊन जा.

जायला हवं होतं इंजिनिअरनं. पण अनिकेत नावाचा इंजिनिअर जूनमध्येच सॉफ्टवेअर शिकून अमेरिकेला गेला होता. किशोररावांची मार्चमध्ये बायपास झालेली, डॉक्टर त्यांना हेलिकॉप्टरची पायरीही चढू देणार नव्हते. त्यांनी तातेरावांना केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही जाल का?"

"साहेब, मला इंग्रजी येत न्हाई."

"आकडे येतात ना?"

"आकडे येतात."

"मग जा. जे दिसेल ते मला सांगा."

अंबरपेठेच्या घरी त्या संध्याकाळी मोठी धांदल उडाली. बायकोनं, सरुबाईंनी, शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली आणि कुटता कुटता विचारलं, "आन् पान्यात पडले मंजी?"

"गोदावरीत पवायला शिकलो की मी," तातेराव म्हणाले. "आपल्या वस्तीला घाट होता तो खालच्या अंगाचा, भोवऱ्याचा. तिथं शिकलेला मानूस कुठं बी पवतो."

थोरली मुलगी रेणुका तारनाक्याच्या कॉलेजात शिकत होती. तिनं फलाटावर जाण्याचा इंग्रजी फॉर्म भरायला घेतला. "बाबा, ब्लड ग्रुप काय तुमचा?"

"तुजा जो हाय तोच आसंल."

"नक्को बाबा, असं नसतं! उद्या टेस्ट करून घेऊ, दहा मिनिटांचं काम आहे." आणि तिनं खरंच दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून त्यांना नेलं, वैद्यकीय तपासणीच्या रांगेत त्यांच्याबरोबर उभी राहिली, आणि परत येताना बसमध्ये त्यांना दहा इंग्रजी शब्द शिकवले. त्यातले तीन त्यांच्या लक्षात राहिले.

फलाटावर उतरल्यावर तातेरावांना पहिल्यांदा घाबरवलं ते पायांखालच्या जाळीनं. चालायची वाट लोखंडी जाळीची होती आणि जाळीतून थेट खाली, सात-आठ माणूस खोल, पाणी खदखदत होतं. हवा अशी ओली की दहा मिनिटांत कठडा धरलेला हात चिकट झाला. जीभ ओठावर फिरवली तर मीठ. समुद्र खारट आहे हे असं त्यांना कळलं.

फलाटाचे प्रमुख कुरियन साहेब केरळचे, सडपातळ आणि दमलेले. त्यांनी हिंदीतच सांगितलं, "परदेशी सेन्सर कंपनीचा एजंट दहा दिवसांनी इथं येतोय. तोवर तुम्ही काय ते शोधा. मला माझ्या माणसांना पुन्हा तहानलेलं ठेवायचं नाही." बोलणं कठोर होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं. तातेरावांनी मान हलवली.

उपकरणांचे फोरमन हिम्मतराव घोरपडे, कराडकडचे. तातेरावांची सोय त्यांच्याच खोलीत होती. खोली म्हणजे दोन बर्थ आणि एक कपाट. हिम्मतरावांनी सहज विचारलं, "सोनकांबळे म्हणजे कुठले तुम्ही?"

ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो हे तातेरावांना पन्नाशीपर्यंत शंभर वेळा कळलेलं होतं. ते म्हणाले, "नांदेडकडचे. बौद्ध."

"असं होय," हिम्मतराव म्हणाले. "खालचा बर्थ तुम्ही घ्या. मला वर चढायची सवय आहे. आणि जेवायला चला लवकर, दत्तोबा उशिरा आलेल्याला भाताची खरवड वाढतो."

दत्तोबा म्हणजे फलाटाचा आचारी, मालवणकडचा. पाणी संपलं तेव्हा सगळ्यात जास्त बोल त्यालाच खावे लागले होते. त्यानं तातेरावांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाला, "तुमच्या त्या डब्यानं मला नव्वद माणसांच्या शिव्या खायला लावल्या हो."

"चुकी कुठं झाली ते हुडकायलाच आलोय," तातेराव म्हणाले. दत्तोबानं मग गुपचूप मासळीचा एक तुकडा जास्त टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेरावांनी सेन्सरला हातच लावला नाही. त्यांनी नोंदींचं रजिस्टर मागितलं. दर चार तासांनी प्रत्येक टाकीचा आकडा त्यात लिहिलेला होता. हिम्मतराव बाजूला उभे राहिले. तातेराव बोट फिरवत पानामागून पान खाली जाऊ लागले. बराच वेळ गेला.

"हिम्मतराव, ह्या टाकीत पहाटे पानी भरता का तुम्ही?"

"छे. बोट आली तरच भरतो. का हो?"

"दुपारी बघा, पानी कमी. पहाटे जास्त. दुसऱ्या दिशी परत तेच. वापरलं तर कमी होईल, पन आपोआप वाढंल कसं?"

हिम्मतरावांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. महिनाभर ते आकडे त्यांच्याच माणसांनी लिहिले होते. दुपारच्या वेळी माणसं जास्त पाणी वापरतात, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पहाटे ते पाणी कुठून परत येतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

तातेरावांच्या डोक्यात मात्र चक्र फिरू लागलं. पडद्याच्या एका बाजूला टाकीचं पाणी; दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा लागते, कारण वातावरणाचाही दाब असतो आणि तो वजा करावा लागतो. त्यासाठी सेन्सरच्या पाठीला सुईएवढी बारीक नळी असते आणि तिच्या तोंडाला टोपी. सेन्सर त्या नळीतून श्वास घेतो, असं किशोरराव नेहमी म्हणत. नळी बुजली तर आतली हवा कोंडते. ऊन पडलं की कोंडलेली हवा फुगते, पडद्याला मागून ढकलते, आकडा कमी होतो. थंडावा आला की हवा आकसते, आकडा वाढतो. टाकी कोरडी पडली ती पहाटेच्या आकड्यावर विसंबल्यामुळं.

दोघं टाकीपाशी गेले. तातेरावांनी टोपी उघडली. नळीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा थर होता आणि आत, उजेडात धरल्यावर, पाण्याचा एक थेंब चमकत होता. मोहरीएवढा. त्यांनी हवेच्या नळीनं हलकेच फुंकर मारली. थेंब उडाला. सेन्सरखालच्या आकड्याच्या खिडकीत एक मीटर दहा सेंटिमीटर होते, ते बघता बघता सत्तर सेंटिमीटरवर आले आणि थांबले. हिम्मतरावांनी टाकीत मोजपट्टी सोडली. सत्तर.

"मानलं!" हिम्मतराव म्हणाले. आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. ते नळीकडे बघत होते. नळीचं तोंड वर होतं, आकाशाकडे. असं बसवलं तर पाऊस आणि तुषार थेट आत जाणार हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. "हा मी बसवलाय," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातानं. डिझेलच्या टाकीचाही."

डिझेलच्या टाकीचा दुसरा सेन्सरही तसाच निघाला. तोंड वर, आत थेंब, मीठ. हिम्मतराव हातात पाना धरून नुसते उभे राहिले. घरी दोन मुली, मोठीचं लग्न ठरलेलं, हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. नव्वद माणसं ज्याच्यामुळं तहानली तो फोरमन पुढच्या पाळीला फलाटावर असेलच असं नव्हतं.

तातेरावांच्या मनात काय आलं ते त्यांनी पुढं कधी लपवलं नाही. त्यांना आधी हायसं वाटलं. चूक आपली नाही. बसवणाऱ्याची आहे. कारखाना वाचला, चौदा घरं वाचली. कागदावर दोन ओळी लिहायच्या आणि घरी जायचं.

पण तिसरा सेन्सर राहिला होता. तो खालच्या मजल्यावर, वेगळ्याच माणसानं बसवलेला. तातेराव एकटेच खाली उतरले. ह्या सेन्सरची नळी नीट खाली तोंड करून होती, जशी असायला हवी तशी. वर आडोसाही होता. त्यांनी टोपी उघडली. मीठ नव्हतं. पण आत ओल होती, आणि ओलीचा एक थेंब नळीत तसाच अडकलेला होता.

ते तिथंच जाळीवर बसले. टोपी हातात घेऊन उलटसुलट केली. ती त्यांच्या ओळखीची होती. मूळ नकाशात खास टोपी होती, हवा आत सोडणारी पण ओल अडवणारी, परदेशी. पंच्याऐंशी साली तिच्यासाठी लायसनचा अर्ज चौदा महिने दिल्लीत पडून राहिला, तेव्हा किशोररावांनी वैतागून पितळेची साधी छिद्राची टोपी करून घेतली. हैदराबादच्या कोरड्या हवेत ती चालून गेली. एक्क्याण्णवनंतर मूळ टोपी पंधरा दिवसांत मिळाली असती, अर्ज नाही, लायसन नाही. पण चालतंय ना, म्हणून कुणी नकाशा बदललाच नाही. ती टोपी लावलेल्या प्रत्येक सेन्सरच्या पेटीवर तपासल्याची सही होती, आणि ती तातेरावांची होती.

तिसरा सेन्सर अजून कुणी पाहिलेला नव्हता. फुंकर मारून टोपी परत लावली असती तर कुणाला कळलंही नसतं.

अकरा वाजता ते रेडिओच्या खोलीत गेले. तिथून हैदराबादला फोन लागे, पण सगळं गाव ऐकेल असा. खोलीत दोन माणसं, दारात हिम्मतराव. खरखर झाली आणि पलीकडून किशोररावांचा आवाज आला.

"साहेब, दोन सेन्सर उलटे बसवले होते. नळी वर. पानी गेलं आत."

"उलटे बसवले?" आवाजात जीव आला. "म्हणजे माल नीट आहे! तातेराव, फार मोठं काम केलंत. त्यांच्याकडून लिहून घ्या तसं."

"साहेब, तिसरा नीट बसवलाय."

"मग?"

"तो बी ओला हाय. आपली टोपी ओल अडवत न्हाई. चुकी आपली हाय."

नुसती खरखर ऐकू येऊ लागली. रेडिओवाल्याला वाटलं फोन तुटला, त्यानं बटणाकडे हात नेला. तातेरावांनी त्याला खुणेनं थांबवलं. कपाळावरून घामाची धार कानात उतरली तरी त्यांनी ती पुसली नाही.

"तातेराव," शेवटी आवाज आला, "तिसरा कुणी पाहिलाय?"

"मी पाहिलाय."

पुन्हा खरखर. मग किशोरराव हळू आणि स्पष्ट म्हणाले, "मग आपली म्हणा. कुरियन साहेबांना सांगा, चूक आपली आहे. टोप्या मी मागवतो."

तातेरावांनी रिसीव्हर ठेवला आणि त्यांना एकदम रडू आलं. दारातल्या हिम्मतरावांकडे पाठ करून ते थोडा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

कुरियन साहेबांच्या टेबलावर त्यांनी तिन्ही टोप्या ओळीनं मांडल्या. इंग्रजीचा प्रयत्न केला नाही. हैदराबादेत बावीस वर्षांत जी भाषा जिभेवर बसली होती तीच वापरली. "साब, गलती हमारीच है. ये टोपी समंदर के वास्ते बनीच नै. और नल्ली नीचे रखना बोलके हमने कागज पे लिखाच नै, तीर का निशान भी नै डाला. बसवने वाले को कैसा समझना?"

कुरियन साहेब तोंडाकडे बघत राहिले. विक्रेत्याच्या तोंडून असलं काही त्यांनी ऐकलं नसावं. ते काही बोलायच्या आत दारातून हिम्मतराव आत आले.

"साहेब, दोन सेन्सर मी उलटे बसवलेत. ह्यांनी ते सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. कागदावर नसलं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं."

कुरियन साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पहिल्यांदा हसले. "चूक दुसऱ्यावर ढकलायला भांडणारे खूप पाहिलेत," ते म्हणाले. "चूक आपल्याकडे ओढायला भांडणारे पहिल्यांदाच बघतोय." त्यांनी कॅलेंडर पुढं ओढलं. चाचणीचे दोन महिने बाकी होते. एजंटाला दोन महिन्यांनी यायला सांगतो, म्हणाले. तोवर हे सेन्सर ओले होता कामा नयेत.

नव्या टोप्या यायला पंधरवडा तरी लागणार होता, आणि हवा बिघडल्यानं तातेरावांना घेऊन जाणारं हेलिकॉप्टरही आठवडाभर येणार नव्हतं. त्यांनी डोकं चालवलं. औषधाच्या डब्यांत, नव्या बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात. त्या मिळाल्या तर नळीच्या तोंडाशी डबी बसवून तात्पुरतं भागेल. त्यांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. त्यानं गोळ्यांच्या बाटल्या उघडून अकरा पुड्या दिल्या. ही बातमी जेवणाच्या खोलीत पोचली आणि संध्याकाळपर्यंत तातेरावांच्या बर्थवर ढीग झाला. कुणी कॅमेऱ्याच्या पिशवीतली पुडी आणली, कुणी नव्या बुटांतली. हेलिकॉप्टरमध्ये शेजारी बसलेला तो माणूसही आला, दोन पुड्या ठेवल्या आणि म्हणाला, "साब, मजाक किया था. बुरा नै मानना."

"मजाक तो सहीच था," तातेराव म्हणाले.

काही पुड्या जुन्या, ओल पिऊन गुलाबी झालेल्या होत्या. दत्तोबानं त्या पावाच्या ट्रेमध्ये पसरून भट्टीत भाजल्या आणि कोरड्या होऊन निळ्या झाल्यावर आंबोळ्यांसारख्या झाकून आणून दिल्या. तातेरावांनी आणि हिम्मतरावांनी मिळून बाराच्या बारा सेन्सरना डब्या बसवल्या, नळ्या खाली वळवल्या, आणि रंगाच्या डबीतून प्रत्येकावर खालच्या दिशेचा बाण काढला. निघायच्या दिवशी बोट आली होती, टाकी काठोकाठ भरली होती. आकडा आणि मोजपट्टी तंतोतंत जुळत होती.

नव्या टोप्या आल्या, बसल्या. दोन महिने झाले, चाचणी पार पडली. एजंट आला आणि चहा पिऊन गेला. जानेवारीत चाळीस सेन्सरची ऑर्डर आली आणि तिच्याबरोबर अट, की माल कारखान्यात तपासताना फलाटाचा माणूस हजर राहील. तो माणूस म्हणून कुरियन साहेबांनी हिम्मतरावांनाच पाठवलं.

तातेरावांनी त्यांना हॉटेलात उतरू दिलं नाही. अंबरपेठेच्या दोन खोल्यांच्या घरात सरुबाईंनी ज्वारीच्या भाकरी थापल्या, मटणाचा रस्सा केला. हिम्मतरावांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका आणली होती. ती आधी तातेरावांच्या हातात दिली, मग वाकून सरुबाईंना नमस्कार केला. सरुबाई गडबडल्या. "अहो, हे काय!"

"वहिनी, ह्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही का?"

"काय सांगनार! समुद्र कसा हाय इचारलं तर म्हनाले, खारट हाय."

रेणुका हसली. मग हिम्मतरावांनी सगळं सांगितलं, तिसऱ्या सेन्सरपासून कुरियन साहेबांच्या टेबलापर्यंत. "ह्यांनी माझ्यावर ढकललं असतं तर मी खोटं आहे असंही म्हणू शकलो नसतो. नोकरी गेली असती, हे लग्न होऊ शकलं नसतं, वहिनी."

सरुबाई भाकरी वाढायच्या थांबल्या. नवऱ्याकडे बघितलं. "घरात येऊन एवढं बी बोलता येत न्हाई का मानसाला?" त्या रागावल्यासारख्या म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात रश्श्याचा मोठा डाव ओतला.

तातेराव खाली मान घालून जेवत राहिले. मग म्हणाले, "माजं एकट्याचं न्हाई ते. साहेबांनी 'आपली म्हणा' म्हनलं, म्हनून म्हनता आलं. ते 'न्हाई' म्हनले असते तर मी काय केलं असतं, मला अजून ठावं न्हाई."

"मग त्यांना थँक्स म्हणालात का बाबा?" रेणुकानं विचारलं.

तातेराव म्हणाले नव्हते. पाच महिने रोज ते किशोररावांना भेटत होते, टोप्यांबद्दल, नकाशांबद्दल, चाळीस नगांबद्दल बोलत होते. हे मात्र राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतरावांना तपासणीच्या खोलीत बसवून ते केबिनमध्ये गेले. किशोरराव काही तरी लिहीत होते.

"साहेब, त्या दिवशी फोनवर तुम्ही जे म्हनले, त्याचे आभार मानायचे राहिले."

किशोररावांनी पेन खाली ठेवलं. "तातेराव, बसा." त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "तुम्हाला वाटतं मी लगेच म्हणालो? तुम्ही 'मी पाहिलाय' म्हणालात ना, तेव्हा माझ्या मनात आलं, पाहिलेला एकच माणूस आहे, आणि तोही आपलाच. मला लाज वाटली ती नंतर. फोन ठेवल्यावर मी बायकोला, रंजनाला, घरी फोन करून सांगितलं, कारखाना गेला बहुतेक. ती म्हणाली, जाऊ दे, तातेरावांसमोर तोंड दाखवता येईल ना? तेवढं पुरे." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "आभार मी मानायचे की तुम्ही, ते मला ठरवता येत नाही. म्हणून मीही गप्पच होतो."

"मंग दोघांचे दोघांनी मानले असं धरू," तातेराव म्हणाले.

"धरू," किशोरराव म्हणाले आणि उठून त्यांनी दोन्ही हातांनी तातेरावांचा हात धरला. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं. दोघांनाही तो हात केव्हा सोडावा ते कळेना. शेवटी पोऱ्या चहा घेऊन आला तेव्हा सुटका झाली.

चहा पिऊन तातेराव तपासणीच्या खोलीत परतले. हिम्मतराव चष्मा लावून कागद पुढं घेऊन तयार बसले होते. तातेरावांनी पहिला सेन्सर यंत्रावर चढवला, पहिलं वजन ठेवलं आणि म्हणाले, "वाचा."

"शून्य पॉइंट पाच," हिम्मतराव म्हणाले आणि नीट, ठसठशीत अक्षरात लिहून घेतलं.